वाचकांचे प्रश्न : लेकरू परदेशात मिशनवर आणि आपण पुण्यात

नाताळ जवळ आला की या सदराकडे एका ठरलेल्या प्रकारचे प्रश्न यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी परदेशात मिशनवर, आईवडील इकडे, फोन आहे, नेट आहे, तरी बोलणं म्हणावं तसं होत नाही. या वेळी तीन घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांब झालंय, पण तो प्रश्न बऱ्याच घरांचा आहे म्हणून कापला नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आणि सूनबाई मलावीत मिशनच्या शाळेत आहेत, ब्लॅन्टायर शहरापासून बरंच आत. नातू सात वर्षांचा, नात चार. आम्ही दोघं वडगाव शेरीत. रविवारी चर्चहून आलं की मी फोन घेऊन बसते, कधी लागतो कधी नाही, लागला तर "आई, सगळं बरं आहे, प्रार्थना करत राहा" एवढ्यात संपतो. मुलं "आजी, जय ख्रिस्त" म्हणतात आणि पळतात. नातवाला मलेरिया होऊन गेला हे मला त्यांच्या प्रार्थनापत्रातून कळलं, जे शेकडो लोकांना जातं. इतरांना कळलं तेव्हाच मला कळलं. हे त्याला बोलून दाखवू का, की त्याच्या कामात खोडा नको म्हणून गप्प बसू?
— एक आजी, वडगाव शेरी

उत्तर : काकू, बोलून दाखवा. प्रार्थनापत्र हे मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चमधल्या लोकांसाठी, आणि मदत करणाऱ्यांसाठी असतं, शाळेचं छप्पर कुठवर आलं, मुलं किती शिकतायत, कशासाठी प्रार्थना हवी, हे त्यात येणारच, घरातलं आजारपण आलं तरी काही चूक नाही, पण आईला ते आधी कळायला पाहिजे. दोन ओळींचा मेसेज पुरतो. यात तुमच्या मुलाचं चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त रविवारच्या फोनवर बोलू नका, तिथे रेंज जाते, मुलं मध्ये येतात, अर्धंच पोचतं आणि अर्ध्याचा भलता अर्थ निघतो. शांतपणे व्हॉइस नोट करा. "बाळा, तापाचं मी पत्रात वाचलं, वाईट वाटलं. यापुढे मला आधी सांग, मी घाबरले तरी चालेल." बस, एवढंच. जुनं काही उकरून काढायचं नाही.

आता दुसरी बाजू. मिशनवरची मुलं घरी आजारपण का लपवतात हे मी खूप जणांना विचारलंय आणि बहुतेक वेळा एकच उत्तर आलंय, सांगितलं की आई म्हणते सगळं सोडून परत ये. मलावीत मलेरिया वर्षभर असतो, पावसाळ्यात म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल जास्त, तिथे राहणाऱ्यांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि लवकर रक्त तपासून औषध सुरू झालं तर पोरं लवकर बरी होतात. म्हणून तुम्हीही त्याला शब्द द्या की आजारपण कळलं तरी "परत ये" हा विषय तुम्ही काढणार नाही. हा शब्द पाळणं अवघड आहे, मला माहितीये, पण तो पाळला तरच पोरगं पुढच्या वेळी खरं सांगेल.

रविवार मात्र सोडाच. त्याचा तो सगळ्यात धावपळीचा दिवस, सकाळी उपासना, मग मुलांचा वर्ग, मग भेटायला आलेली माणसं, त्यात तो तुमच्याशी उभ्याउभ्याच बोलणार. मलावीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच. शाळा सुटलेली, अजून उजेड आहे, लाइट गेली तरी अडत नाही आणि तिकडे लाइट फार जाते. मंगळवार किंवा गुरुवार, असा एक वार धरा आणि तो लागला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, हेही आधीच ठरवून टाका, म्हणजे फोन लागला नाही की जीव टांगणीला लागत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा असं असतं, तिथे कॉलला कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो दोन्हीकडे चालू करा, आवाज थोडा दबतो पण कॉल टिकतो. व्हिडिओ अडकायला लागला की लगेच बंद करून नुसतं बोला, "दिसतंय का, दिसतंय का" यातच पाच मिनिटं जातात.

मुलांचं सांगते. चार वर्षांच्या पोरीला "कशी आहेस, जेवलीस का, अभ्यास केला का" विचारलं की ती पळणारच, मोठ्या माणसांनाही असे प्रश्न नकोसे होतात. तिच्याबरोबर काहीतरी करा. तिकडे रोजच्या जेवणात न्सिमा असते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हाताने तिचा लहान गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी किंवा मासे घेऊन खायचे. नातवाला सांगा, मला शिकव. तुम्ही इकडे ओट्यावर फोन टेकवून भाकरी थापा, पीठ मळताना हात कसा फिरतो, थापताना कड कशी सरळ ठेवायची, तव्यावर टाकली की पाणी कसं फिरवायचं हे त्याला दाखवा, तो त्याचा गोळा दाखवेल, आणि तुमच्या लक्षात येईल की पंधरा मिनिटं झाली आणि कोणी पळालं नाही.

आणि रोज एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा. योसेफाचा रंगीत झगा, दावीद आणि गल्याथ, नाहीतर तुमच्या लहानपणचं गाव, विहीर, शेळ्या, जे येईल ते, तीन-चार मिनिटांचं. व्हॉइस नोट आपोआप उतरते, रेंज आली की येऊन पडते, सूनबाई रात्री झोपताना लावेल. मुलांच्या कानावर मराठी पडत राहील हा मोठाच फायदा, सुट्टीत आली की आजोबांशी दुभाष्या लागणार नाही. गोष्ट सांगताना मागे भंगारवाल्याची हाक आली, कुकरची शिट्टी झाली तर पुसून परत करू नका, तेही जाऊ दे त्यांच्याकडे.

मुलाकडूनही साधंच मागा. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स आपल्याला माहीत आहेत, ते 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले आणि 10 नोव्हेंबरला लंडनला वडिलांना पत्र लिहिलं. त्या पत्रात काय आहे? प्रवास. गलबत वाऱ्याविना कसं अडकलं, खलाशांच्या हिरड्या सुजून पाय कसे फुगले, उडणारे मासे, केप ऑफ गुड होपजवळचे पक्षी. वडील व्यापारी माणूस, त्यांना पोराचे डोळे काय बघतायत ते कळावं म्हणून त्याने हे सगळं बारीक लिहिलं, आणि ते घरचं पत्र इतकं भरीव होतं की पुढे छापलं गेलं. तुमच्या मुलाला म्हणा, प्रार्थनेचे विषय पत्रातून कळतात रे, मला तुझ्या घरासमोर काय दिसतं ते सांग, पाणी कुठून आणता, शेजारीण कोण, पावसात रस्ता कसा होतो. एक फोटो रोजचा, पोज न देता.

प्रश्न : माझी धाकटी बहीण सिस्टर (नन) आहे, जर्मनीत वृद्धाश्रमात सेवा करते. इकडे बाबांचं डायलिसिस सुरू झालंय, आईने शपथ घातलीये की तिला कळवायचं नाही, तिचं सेवेत मन लागणार नाही. ती दर वेळी विचारते बाबा कुठेत, आम्ही सांगतो झोपलेत. मला हे आता जमत नाहीये. काय करू?
— एक भाऊ, खडकी

उत्तर : दादा, या आठवड्यात सांगा. तुमची बहीण रोज म्हाताऱ्या माणसांना उठवते, भरवते, औषधं देते, तिला "झोपलेत" चा अर्थ कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? ती बहुतेक आधीच काळजीत आहे, फक्त एकटी आहे त्या काळजीत. आणि तुम्हालाही हे ओझं घेऊन किती दिवस काढायचेत.

संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांना परत बोलावणारं, त्यांच्या संघाचे प्रमुख संत इग्नाशियस यांचं पत्र रोमहून निघालं 1553 च्या जूनमध्ये, झेवियर जाऊन सहा महिने उलटलेले आणि लिहिणाऱ्याला पत्ताच नाही. तेव्हा समुद्र आड होता, कुणाचा इलाज नव्हता. आज बातमी पोचायला एक क्षण लागतो, ती आपणच अडवून धरायची हे मला पटत नाही, आणि तिने देवाला आयुष्य दिलंय म्हणून ती मुलगी राहिली नाही असं तर मुळीच नाही.

आधी आईशी बोला, शपथ मोडतोय असं करू नका, आईलाच सोबत घ्या. मग बाबांना स्वतःला सांगू द्या, ज्या दिवशी डायलिसिस नसेल त्या संध्याकाळी, कारण झालेल्या दिवशी माणूस गळून जातो. फोन बाबांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर जा. जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, तर तिची ड्युटी विचारून वेळ ठरवा.

तिला कळलं की तिच्या मदर सुपिरिअरना तिनेच सांगावं, आईवडिलांच्या गंभीर आजारपणात घरी जायला बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. सुट्टी लांबणार असेल तर तिच्या जर्मनीत राहण्याच्या परमिटचं आधी विचारून घ्या, सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर अडचण येऊ शकते.

आणि एक अवघड गोष्ट आत्ताच बोलून ठेवा. काही कमीजास्त झालं तर दफनविधी तिच्यासाठी थांबवायचा का? फ्रँकफर्टहून मुंबई थेट विमानाने आठ-नऊ तास, तिथून पुणे तीन-चार तास, तिकीट आणि परवानगी धरून दीड-दोन दिवसात ती पोचू शकते. तिला काय हवंय, बाबांना काय हवंय हे दोघांनाच विचारा, त्या दिवशी घरातल्या आणि नात्यातल्या दहा लोकांनी दहा मतं द्यायच्या आधी.

प्रश्न : मामेभाऊ दुबईत मराठी मंडळीचं काम बघतो. आम्ही घरच्यांनी फेसबुकवर त्याचा फोटो टाकला, "परराष्ट्रात आत्मे जिंकणारा आमचा दादा" असं लिहून, तर त्याने रात्रीच फोन करून काढायला लावला. वहिनी रुसल्यात. चूक काय झाली?
— एक वाचक, नाना पेठ

उत्तर : कौतुक चूक नव्हतं, पण "आत्मे जिंकणारा" म्हणजे लोकांना ख्रिस्ती करणारा असा अर्थ निघतो, ती ओळ तिथे धोक्याची आहे. दुबईत चर्च आहेत, परवानगीने उपासना चालते, आपली मराठी माणसं मोकळेपणी जमतात, पण तिथल्या मुस्लिम लोकांमध्ये धर्मप्रसार करायला कायद्याने बंदी आहे. तुमचा भाऊ आपल्याच लोकांची सेवा करतोय, आणि तुमच्या पोस्टमधून वाचणाऱ्याला भलतंच वाटू शकतं. उद्या कुणी चौकशी केली तर उत्तरं त्याला द्यावी लागतील आणि त्याच्याबरोबर फोटोत उभ्या असलेल्यांनाही, ज्यांची नोकरी आणि व्हिसा तिथे आहे.

तेव्हा त्याला विचारल्याशिवाय त्याचं काम, जागा, मंडळीतल्या लोकांचे चेहरे काहीच टाकू नका, चर्चच्या ग्रुपवरही नाही, तिथून स्क्रीनशॉट जातात. वाढदिवस, नाताळचा केक, मुलांचे फोटो खुशाल टाका. व्हॉट्सॲपचा कॉल तिथे लागत नाही, व्हॉइस नोट आणि मेसेज जातात, तिकडे चालणारं कॉलिंग ॲप तो सांगेल तेच घ्या. 2022 पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी झाली तरी शुक्रवारच्या उपासनाही बऱ्याच ठिकाणी चालू आहेत, म्हणजे त्याचे आठवड्याचे शेवटचे तीन दिवस गेलेच, सोमवारी संध्याकाळी करा फोन. दुबई दीडच तास मागे आहे. आणि पहिला फोन त्याला वहिनींना करू द्या, कारण तो रात्री ओरडला तो घाबरून ओरडला, हे त्याने त्यांना स्वतः सांगायला पाहिजे.