तव्यावरची तुरटी आणि पृथ्वीच्या पोटातलं पाणी

प्रश्न : तुरटी तव्यावर तापवली की फुलते, तिच्यातलं पाणी उडून जातं. मग भूगर्भात एवढ्या उष्णतेत खनिजांमध्ये पाणी कसं टिकतं? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : ताई, तुरटीची लाही मीही वर्गात दरवर्षी करून दाखवायचो. तव्यावर वाफेला पसरायला मोकळी हवा असते. ५०० किलोमीटरहून जास्त खोलीवर ती नाही. दाब वातावरणाच्या दीड लाख पटींहून जास्त. तिथे कमी जागेत मावणारी रचनाच टिकते. ऑलिव्हिन या मॅग्नेशियम असलेल्या खनिजाचे अणू दाटीने बसून रिंगवुडाइट हे जास्त घट्ट खनिज बनतं. त्यात एखाद्या मॅग्नेशियमची जागा रिकामी राहिली, तर दोन हायड्रोजन येऊन शेजारच्या ऑक्सिजनना बिलगतात. ‘पाणी’ म्हणतात ते हेच, थेंब नव्हे.

पुरावा ब्राझीलच्या जुइनातून आला. तिथल्या हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइटचा कण भूवैज्ञानिक ग्रॅहम पिअर्सन यांच्या गटाने २०१४ मध्ये जाहीर केला. डोळ्यांना न दिसणारा कण, पण वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी! वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

साधारण ६६० किलोमीटरखाली मात्र रिंगवुडाइट मोडतं. नव्या मुख्य खनिजांत पाण्याला फारच थोडी जागा असते, म्हणून ते बाहेर पडतं आणि त्यामुळे काही खडक तिथे थोडा वितळतो.