दवाखान्याचे संगणक लिनक्सवर न्यावेत का?

प्रश्न : आमचा दोन डॉक्टरांचा छोटा दवाखाना आहे. चारही संगणकांवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार थांबवला आणि आमच्या जुन्या मशीन विंडोज ११ घेत नाहीत. भाचा म्हणतो, सगळं लिनक्सवर ने. पण पेशंटच्या नोंदी आणि बिलं एका जुन्या, फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये आहेत. तो बनवून देणारे आता फोनही उचलत नाहीत. ईसीजी मशीन एका संगणकाला जोडलेलं आहे. रिसेप्शनवरच्या ताई तर आत्ताच धास्तावल्या आहेत. काय करू? — एक वाचक डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, भाचा बरोबर सांगतोय. लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत लिनक्सची दोन रूपं) तुमच्या मशीनवर बहुधा व्यवस्थित चालेल. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्याला लागत नाही आणि उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळत राहतात. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात गंभीर वाटलं ते दुसरंच वाक्य : बनवून देणारे फोन उचलत नाहीत. म्हणजे विंडोज राहो की जावो, तुमच्या पेशंटची माहिती अशा कपाटात आहे ज्याची किल्ली तुमच्याकडे नाही. आधी ती माहिती बाहेर काढा. लिनक्सचं त्यानंतर बघू.

प्रोग्राममध्ये एक्स्पोर्टची सोय असेल तर सगळं सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) घ्या. नसेल तर प्रोग्राम बंद करून त्याच्या पूर्ण फोल्डरची प्रत घ्या आणि डेटाबेसचं काम येणाऱ्या माणसाला दाखवा. अशा जुन्या प्रोग्रामच्या पोटात बऱ्याचदा साधा अ‍ॅक्सेस किंवा एसक्यूएल डेटाबेस असतो, तो थेट वाचता येतो. सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडू नका. केसपेपर नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि ३ एप्रिलचा जन्म ४ मार्चचा होऊन बसतो. लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस प्रोग्राम फाइल उघडताना प्रत्येक रकाना कोणत्या प्रकारचा ते विचारतं, तिथे ‘टेक्स्ट’ निवडा. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्यावी लागतील.

मग पडताळणी. ही मात्र संगणकवाल्यावर सोडू नका, तुम्ही स्वतः बसा. एका दवाखान्यात मी पाहिलंय : नावं जुळली, फोन नंबर जुळले, येणं असलेल्या रकमासुद्धा पैशापैशाने जुळल्या. पण जुन्या प्रोग्राममध्ये अ‍ॅलर्जीसाठी वेगळी जागाच नव्हती, त्यामुळे ‘पेनिसिलीन चालत नाही’ हे पत्त्याखालच्या ‘टीप’ या चौकटीत लिहिलेलं असायचं. नव्या प्रोग्रामने ती चौकट घेतलीच नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी ओळखीच्या पेशंटची नोंद मुद्दाम उघडून पाहिली म्हणून ते कळलं. माझ्यासारख्याला त्या ओळीचं मोल कळलंच नसतं. तेव्हा सर्वांत जुने, नेहमी येणारे, आडनाव बदललेले, दोनदा नोंदले गेलेले असे पेशंट निवडा आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून पाहा.

नवा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालणाराच घ्या. ओपनईएमआर हा पेशंटच्या नोंदी ठेवणारा मोफत, मुक्तस्रोत पर्याय आहे. एका मशीनवर तो बसवायचा, बाकीच्यांनी ब्राउझरमधून वापरायचा. तुमच्या बिलांच्या पद्धतीला तो जमतो का, हे खोट्या नावांचे पेशंट घालून आधी पाहा. आणि हे सगळं विंडोज असतानाच करा, हा माझा आग्रह आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतात. एकेक गोष्ट बदलली की बिघाड कुठून आला ते लगेच सापडतं. सगळं एका दिवशी बदललं तर पेशंट बाहेर खोळंबलेले असताना तुम्ही शोधत बसाल. हात नव्या प्रोग्रामवर बसले की खालचं विंडोज काढून लिनक्स घाला. त्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून तुमच्या प्रिंटरवर खरं प्रिस्क्रिप्शन छापून आणि स्कॅनरवर रिपोर्ट घेऊन पाहा. नेटवर्कवरचे नवे प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत, जुने स्कॅनर आणि लेबल प्रिंटर अडतात. लिनक्स बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी करण्याचा, पर्याय येतो, तो निवडा.

ईसीजीला हात लावू नका. त्याचा प्रोग्राम वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीत) कसाबसा चालेलही, पण उत्पादक त्याची जबाबदारी घेणार नाही आणि पेशंटचं निदान त्यावर ठरतं. तो एक संगणक विंडोजवरच राहू द्या, फक्त नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा आणि रिपोर्ट कागदावर घ्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस नेटवर्कमधून आपोआप पसरला आणि ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या कित्येक रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. त्यावरचा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता, तो न घातलेली मशीन सापडली. तुमच्या त्या संगणकाला तर आता नेहमीचे अपडेटच येत नाहीत.

ताईंची धास्ती रास्त आहे. जुन्या प्रोग्राममध्ये नाव टाइप करून एंटर दाबलं की कर्सर पुढच्या चौकटीत जातो. ब्राउझरमध्ये एंटर दाबलं की बऱ्याचदा अर्धा फॉर्म तसाच जमा होतो. पुढे जायला टॅब लागतो. वर्षानुवर्षांची बोटांची सवय आहे ती, समोर रांग असताना मोडत नाही. त्यांना दवाखाना बंद असताना सराव करू द्या, आणि चौकटींचा क्रम त्यांनाच ठरवू द्या. पेशंट काय आधी सांगतो आणि काय नंतर, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

जुना प्रोग्राम लगेच पुसू नका. ईसीजीच्या संगणकावर तो काही महिने फक्त बघण्यापुरता ठेवा. बाकी मशीनच्या जुन्या डिस्क मात्र कोणाला देण्याआधी खास प्रोग्रामने पुसून घ्या. फाइल डिलीट केल्याने पेशंटची माहिती डिस्कवरून जात नाही.