न विचारता उलटे केलेले खिसे

"मॅडम, हा पुढे चोरच होणार का?"

लालबागहून चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. मी काही बोलणार तोच मुलाने खिसे उलटे करून टेबलावर रिकामे केले. रेल्वेचा पास, दोनचं नाणं, चघळलेलं पेनाचं टोपण. "बघून घ्या," म्हणाला.

झालं होतं असं. शेजारच्या काकूंच्या फडताळातून त्याने दोनशे रुपये उचलले. सापडला, मार खाल्ला, आईने पैसे परत केले. पण तेव्हापासून मजल्यावर काहीही हरवलं की नाव याचंच. दर गणपतीला वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणारा हा, यंदा त्याला पेटीजवळ फिरकू दिलं नाही. मग त्याने खरंच एकाचे इअरफोन लांबवले. "नाहीतरी माझंच नाव आलं असतं ना?"

एडविन लेमर्ट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हाच फरक दाखवला: एकदा पाय घसरणं वेगळं आणि लोकांनी मारलेला शिक्का स्वतःचा मानून तसं वागणं वेगळं. इंग्रजांनी तर १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसला का, ते सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी बाईला विचारा. आता बाल न्याय कायद्याच्या भाषेत अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द बोजड खरा, पण चाळीत कुणी तो शिवीसारखा फेकू शकत नाही.

इअरफोन त्याने स्वतः जाऊन परत करायचे, यात मी सूट दिली नाही. आईला मात्र विचारलं, "घरी पर्स मोजता का त्याच्यासमोर?"

"रोज सकाळी."

"ते बंद करा. आणि पाचशेची नोट देऊन त्याला वाण्याकडे पाठवा."

तिला घाम फुटला. आठवड्याने फोन आला. "तेल आणलं, पण वीस रुपये कमी. वडापाव खाल्ला म्हणतो. काय करू?"

"धाकटीने खाल्ला असता तर?"

जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "म्हटलं असतं, माझ्यासाठी का नाही आणलास?"