१९२७ चं डबल ईगल घ्यावं का, आणि लोक त्याला एवढं सुंदर का म्हणतात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बहिणीने अमेरिकेतून १९२७ च्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचा, म्हणजे डबल ईगलचा, फोटो पाठवलाय आणि विकणारा सोन्याच्या भावापेक्षा थोडेच जास्त मागतोय तर घ्यावं का, हे एक, आणि दुसरं म्हणजे या नाण्यात एवढं बघण्यासारखं काय. मी दुसऱ्यापासून सुरू करतो कारण ते कळलं की पहिलं सोपं जातं.

थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना १९०४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की आपली नाणी कलेच्या दृष्टीने भयंकर कुरूप आहेत. त्यांच्या डोळ्यासमोर अलेक्झांडरच्या काळातली ग्रीक नाणी होती, ज्यांच्यावरचे चेहरे पृष्ठभागातून अक्षरशः वर येतात. नवं नाणं घडवायचं काम त्यांनी दिलं ऑगस्टस सेंट-गॉडन्सला, डब्लिनमध्ये जन्मलेला, त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला शिल्पकार. तो मुळात मोठे पुतळे करणारा माणूस आणि नाणंही त्याने पुतळ्यासारखंच घडवलं, माझ्या मते सगळं सौंदर्य तिथेच आहे. मी न्यू जर्सीत राहतो, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावर त्याने केलेला जनरल शर्मनचा सोनेरी पुतळा आहे, घोड्यापुढे चालणारी विजयदेवता बघितली की नाण्यावरची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, तिची बहीण वाटते. विजयदेवतेसाठी हेटी अँडरसन नावाची कृष्णवर्णीय मॉडेल उभी राहिली होती, आणि लिबर्टीची चाल, वाऱ्यावर उडणारं वस्त्र, पुढे टाकलेला पाय सगळं तिथूनच आलंय. एका हातात मशाल, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, मागे सूर्यकिरण आणि पायाशी डावीकडे इवलीशी कॅपिटलची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, इमारत. उलट्या बाजूला उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड. कडेवरसुद्धा अक्षरं आहेत, नाणं हातात घेऊन फिरवल्याशिवाय ती दिसत नाहीत.

पण असा उठाव, म्हणजे पृष्ठभागातून इतकं वर आलेलं चित्र, मशीनला झेपेना. सुरुवातीच्या सगळ्यात उंच उठावाच्या नमुन्यांना एकेका नाण्यावर नऊ-नऊ वेळा दाब द्यावा लागला, मधेमधे नाणं तापवून मऊ करायचं आणि परत साच्यात घालायचं, अशी जेमतेम वीसेक नाणी आज उरलीत. टांकसाळीचा मुख्य कोरक चार्ल्स बार्बर पहिल्यापासून म्हणत होता की हे रोजच्या कामाचं नाही आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते खरंही होतं, बँकेत चळत लावायची तर नाणी सपाट हवीत. सेंट-गॉडन्सला कॅन्सर होता, तो ऑगस्ट १९०७ मध्ये गेला, नाणं लोकांच्या हातात पडलेलं त्याने बघितलंच नाही. त्याचा सहाय्यक हेन्री हेरिंगने मॉडेल्स पूर्ण केली. मग उठाव थोडा कमी करून रोमन आकड्यांतल्या तारखेची साधारण १२,००० नाणी निघाली आणि त्यानंतर बार्बरने सपाट केलेली, साध्या आकड्यांची नाणी, जी १९३३ पर्यंत चालली.

तुमच्या बहिणीला मिळतंय ते या सपाट प्रकारातलं. म्हणून निराश होऊ नका, माझ्याकडे १९२४ चं आहे, ते सगळ्यात सहज मिळणाऱ्यांपैकी एक आणि तरी मी आठवड्यातून एकदा ते काढून बघतो. खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललॅम्प बाजूने, अगदी तिरपा धरा, वस्त्राच्या चुण्या आणि गरुडाची पिसं सावलीनेच उठून दिसतात, वरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. सोनं ९० टक्के, बाकी तांबं, त्यामुळे आपल्या दागिन्यांच्या मानाने किंचित तांबूस झाक असते. वजन ३३.४ ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या हिशोबाने सव्वातीन तोळ्यांहून थोडं जास्त, तळहातावर ठेवलं की लगेच जाणवतं.

आता घ्यावं का. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं १९२७ भरपूर मिळतं, त्यामुळे सोन्याच्या भावाहून थोडे जास्त ही किंमत अजिबात संशयास्पद नाही. भिंगाने लिबर्टीची छाती, गुडघा आणि नाक बघायला सांगा, झीज तिथे आधी दिसते. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत असेल तर उत्तम, सुटं असेल तर निदान वजन आणि व्यास, म्हणजे ३४ मिलिमीटर, तपासून घ्या. आणि काहीही झालं तरी पुसू नका, घासू नका, सोनाराकडे पॉलिशला तर मुळीच देऊ नका, मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही आणि संग्राहक हात लावत नाहीत.

एक गोष्ट मात्र फोटोत मला दिसत नाहीये. तारखेच्या अगदी वर टांकसाळीचं बारीक अक्षर आहे का ते बहिणीला बघायला सांगा. काहीच नसेल तर फिलाडेल्फियाचं, निवांत घ्या. डेन्व्हरचं डी असेल तर थांबा, कारण डेन्व्हरने १९२७ मध्ये १,८०,००० पाडली पण बहुतेक सगळी पुढे वितळवली गेली, आज माहीत असलेली वीससुद्धा नाहीत आणि खरं असेल तर कोणी सोन्याच्या भावात विकणार नाही. साध्या नाण्यावर अक्षर चिकटवून फसवणारे असतात. डी दिसलं तर पैसे द्यायच्या आधी मला त्या अक्षराचा जवळून, तिरप्या उजेडातला फोटो पाठवा.