जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री: आधी घासलं, मग विचारलं

जुन्या वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती हा माझा मूळ धंदा. त्या वस्तू घेऊन ऑनलाइन विकणाऱ्यांची पत्रं मला येतात ती त्यामुळेच. पत्रं वेगवेगळी, घोळ मात्र तोच तो. म्हणून या खेपेला नऊ प्रश्न एकत्र घेतले आहेत. तीन पानी पत्रं मी तीन ओळींत आणली, राग मानू नये.

प्रश्न: पन्नास वर्षं झाली की वस्तू ‘अँटिक’, असं आमचा जुना दुकानदार सांगतो. तसं लिहू का?

नको. अनेक देशांचे सीमाशुल्क विभाग आणि बहुतेक जाणते व्यापारी १०० वर्षांची रेघ मानतात. ‘व्हिंटेज’ म्हणायला एट्सी या विक्रीच्या पोर्टलवर वस्तू किमान २० वर्षांची असावी लागते. ‘रेट्रो’ ही नुसती धाटणी, ती वस्तू काल बनलेलीही असेल. पन्नास वर्षांचा नियम त्या दुकानदाराच्या गल्ल्यातून निघालेला दिसतो.

प्रश्न: बशीच्या बुडाला ‘मेड इन’ आणि देशाचं नाव आहे. शिक्का असला की वस्तू १८९१ सालची, असं आमच्या गटात सगळे म्हणतात. वर्णनात ते साल टाकू ना?

सगळे म्हणतात म्हणून साल टाकायचं नसतं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते अमलात आलं. म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्या मालापुरती गोष्ट. शिक्क्यावरून फार तर ‘बहुधा त्याआधीची नाही’ एवढं कळतं. त्यानंतर कधीची, ते कळत नाही. आणि शिक्का नाही म्हणून वस्तू त्याहून जुनी, हेही खरं नाही, कारण देशातल्या देशात विकलेल्या मालाला तो लागतच नव्हता.

काही शिक्के जास्त बोलतात. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर परक्या फौजांच्या ताब्यातला जपान, तो काळ १९५२ ला संपला. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० च्या दरम्यानचं. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, तेव्हा ‘शंभर वर्षांपूर्वीच्या’ पेटीत तो दिसला की भुवया उंचावाव्यात. अर्थात स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो आणि शिक्का बनावट. ‘बुडाला अमुक अक्षरांचा शिक्का, फोटो जोडला आहे’ एवढंच लिहा. साल छापायचंच असेल तर त्या प्रकारच्या भांड्यांच्या जाणकाराला वस्तू हातात देऊन विचारा, फोटोवरून नाही.

प्रश्न: फोटो मोबाइलने काढले तर चालतात?

चालतात. दिवसा खिडकीपाशी काढा, फिल्टर लावू नका, आणि टवका उडालेली बाजू आधी दाखवा.

प्रश्न: माझ्यासारखीच पेटी एकाने दसपट भावाला लावली आहे. मीही तोच भाव लावावा का?

लावलेला भाव ही त्याची इच्छा आहे. विकला गेलेला भाव बघा. ईबेवर झालेल्या विक्रीच वेगळ्या काढून दाखवण्याची सोय आहे, इतरत्रही ती शोधा. दसपटवाल्याची पेटी किती महिन्यांपासून तिथेच पडून आहे, तेही बघा.

मग हिशेब. समजा १०० ला घेतली आणि २०० ला विकली. लोक म्हणतात, शंभर सुटले. कमिशन नफ्यावर लागत नाही, २०० वर लागतं, आणि काही ठिकाणी गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या पाठवणीच्या खर्चावरही. त्यात पैसे जमा होण्याचं शुल्क, खोका, वेष्टण, आणायला जाण्याचा खर्च, शिवाय दहातली एखादी वाटेत फुटते तिचा वाटा. तुमच्या वेळेला तर मी हातच लावलेला नाही. हे सगळं पहिल्या खरेदीच्या आधी एका कागदावर मांडून हिशेबनिसाला दाखवा.

प्रश्न: एक पितळी होकायंत्र स्वस्तात मिळालं. फार काळवंडलेलं होतं. लिंबू-मीठ लावून, नंतर पॉलिशने दोन तास घासलं. आता आरशासारखं झालंय, पण तीन महिने गिऱ्हाईक नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो सोबत आहे. किंमत कमी करू का?

ती तुम्ही दोन तास घासताना कमी करून झाली आहे.

तुमचे दोन्ही फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यात झाकणावर मधासारखा तपकिरी-सोनेरी रंग आहे. तो मळ नव्हता. १९ व्या शतकात अशा पितळी उपकरणांवर कारखान्यातच लाखेचं सोनेरी रोगण चढवत, पितळ काळं पडू नये म्हणून. तबकडीवरच्या रेघा आणि अक्षरं कोरून त्यांत काळं मेण भरलेलं असे, ते तुमच्या पहिल्या फोटोत ठळक दिसतं. दुसऱ्या फोटोत रोगण नाही आणि मेणही नाही. त्याच्या जागी पॉलिशचा पांढरा चुरा वाळून बसला आहे. पश्चिमेचं अक्षर अर्धं पुसलं गेलंय. बिजागरीजवळ गुलाबी झाक आली आहे ती लिंबाची करामत. पितळेतलं जस्त आम्लात आधी सुटतं आणि तांबं मागे राहतं. कडाही गोल झाल्या आहेत, कारण पॉलिश म्हणजे शेवटी बारीक खरवडच. यातलं काहीही परत आणता येत नाही. नवं रोगण चढवता येईल, पण ते आजचं असेल.

अशी वस्तू घेणारा चमक विकत घेत नाही. चमक त्याला नव्या मालात कमी पैशांत मिळते. तो बघतो, वस्तूला आजवर कोणाकोणाचा हात लागला, आणि शेवटचा हात तुमचा असेल तर तो त्याला लगेच ओळखू येतो. नाण्यांचं उदाहरण घ्या. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही मोठ्या प्रतवारी संस्था घासलेल्या नाण्याला नेहमीची आकड्यांची प्रत देतच नाहीत, ‘साफ केलेलं’ अशी नोंद करून बाजूला काढतात. ते नाणं पुढे ज्याच्या ज्याच्या हातात जाईल त्याच्याबरोबर ती नोंदही जाते.

चांदीचा घोळ याहून मोठा. ‘ईपीएनएस’ असा शिक्का असेल तर आत चांदी नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. त्या मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. दर घासणीला त्यातला थोडा जातो आणि एक दिवस चहादाणीच्या चोचीवर आतला धातू उघडा पडतो. अस्सल ९२५ ची चांदी असली तरी बुडवून काढायच्या द्रावणात घालू नका. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा बऱ्याचदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, नक्षी उठून दिसावी म्हणून. द्रावण तोही धुऊन नेतं आणि भांडं बर्फीच्या साच्यातून काढल्यासारखं सपाट दिसू लागतं. जुन्या लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवणाऱ्यांनाही हेच सांगणं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. बोळा तपकिरी झाला की तुम्हाला वाटतं मळ निघाला, निघालेलं असतं पॉलिश.

हे तुम्हाला कुणी शिकवलं तेही मी ओळखतो. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, आधी काळं, नंतर लखलखीत, आणि शेवटी पॉलिशची डबी. डबी विकणाऱ्याला होकायंत्र विकायचं नसतं.

मग करायचं काय? मऊ कोरडा ब्रश, बास. तोसुद्धा रंग पोपडे सुटलेला असेल तर नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ तुमच्याच छातीत जाते. त्यापुढे जायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी, पाण्यात ओली करून पिळलेली कापसाची काडी एकदाच फिरवा. काडीला वस्तूचा रंग लागला की थांबा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. आमच्या धंद्यात भावाची घासाघीस चालते, वस्तूची चालत नाही.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. कांशाच्या किंवा तांब्याच्या जुन्या वस्तूवर फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने सुटणारी ठिपकी दिसली तर तो शोभेचा हिरवा थर नाही. क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातो, दमट हवेत ते वाढत जातं. वस्तू कोरड्या डब्यात ठेवा, बाकी मालापासून वेगळी, आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे न्या. पोर्टलवर टाकून ‘विकलं तर विकलं’ करत बसू नका.

तुमच्या होकायंत्रापुरतं सांगायचं तर वर्णन बदला: ‘साफ केलेलं, मूळ रोगण नाही, अक्षरांतला भराव गेलेला.’ या तीन गोष्टी आधी सांगितल्या तर शोभेसाठी घेणारा कुणीतरी मिळेल. किंमत त्याच्या हिशेबाने ठेवा. आणि आता पुन्हा घासू नका.

प्रश्न: जुन्या मनगटी घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे थांबलेत. म्हणजे रेडियम संपलं आणि घड्याळ उघडून साफ करायला हरकत नाही, बरोबर?

साफ चूक. काट्यांवरच्या रंगातलं किरणोत्सर्गी रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. थकलंय ते त्यात मिसळलेलं चमकणारं जस्त सल्फाइड. रंग ठिसूळ होऊन त्याची धूळ होते आणि ती श्वासात किंवा पोटात जाणं हाच खरा धोका. घड्याळ उघडू नका, काच फुटलेली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, घड्याळजीकडे नेताना त्याला आधी सांगा. नंतरच्या घड्याळांत ट्रिटियम आलं, तेही किरणोत्सर्गी, ते साधारण १२ वर्षांत निम्मं होतं आणि तबकडीच्या तळाशी बऱ्याचदा ‘टी’ असतो. दोन्हींच्या विक्रीचे आणि टपालाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तुमच्याकडच्या किरणोत्सर्ग सुरक्षा विभागाला आणि कुरिअर कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न: एका जुन्या पेटीत हस्तिदंती फणी निघाली. तापलेली सुई टोचून खरी-खोटी कळते म्हणे. आणि खरी निघाली तर वर्णनात ‘हाड’ लिहावं, असाही सल्ला मिळालाय.

सुई खाली ठेवा. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या हजारो फण्या सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या बनल्या, आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेलं सेल्युलोज आणि कापूर. तापलेल्या सुईने ते भडकतं. खरा हस्तिदंत असेल तर तुम्ही त्याला भोक पाडलेलं असेल. भिंगातून बघा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळपट ठिपके दिसतात, सेल्युलॉइडमध्ये रेषा असल्या तर फार शिस्तीत, समांतर. खात्री यातूनही होत नाही, ती प्रयोगशाळेत होते.

आता ‘हाड’. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. आशियाई हत्ती त्यात पहिल्यापासून, आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ चा. देशांचे आपापले कायदे त्याहून कडक असू शकतात, आणि ‘जुनं आहे’ हे कागदाने दाखवण्याची वेळ बहुधा विकणाऱ्यावरच येते. जाणूनबुजून ‘हाड’ लिहिलंत तर वस्तू काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, याचा पुरावा तुम्हीच लिहून ठेवलात. असा सल्ला देणारा नंतर फोन उचलत नाही. वन विभागाचं किंवा वकिलाचं लेखी उत्तर येईपर्यंत फणी विक्रीला लावू नका, कुणाला पाठवूही नका. कासवाच्या पाठीच्या फण्यांना हेच लागू.

प्रश्न: गिऱ्हाइकाने ‘फुटकी आली’ म्हणून परत पाठवली, पण आलेली बरणी माझी नाहीच. काय करू?

आजच पोर्टलवर तक्रार नोंदवा, मुदत बघा. गिऱ्हाइकाशी निरोपांतून भांडू नका, ते निरोप पुढे वाचले जातात. रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारा. यापुढे प्रत्येक वस्तूचा बारीक ओरखडा किंवा भट्टीतला ठिपका जवळून टिपून ठेवा, वजन लिहा आणि खोका बंद करतानाचं चित्रीकरण करा. दोन बरण्या सारख्या असतील, दोन ओरखडे नसतात.

प्रश्न: घरातल्याच वस्तू विकायला सुरुवात केली, आता बाहेरूनही आणते. कर लागतो का? आणि आता चकतीने घासून चमकवणारं बफिंगचं यंत्र मागवलंय, उद्या येतंय. पितळेसाठी कोणती चकती लावू?

घरातली अडगळ काढणं वेगळं आणि विकण्यासाठी विकत आणणं वेगळं, दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी धंदा धरतात. काही ठिकाणी जुन्या मालाच्या व्यापाराला परवानाही लागतो. करसल्लागाराकडे या आठवड्यात जा, वर्षअखेरीस नव्हे. जाताना वही न्या: कधी घेतली, कोणाकडून, कितीला. ‘कोणाकडून’चा रकाना मोकळा सोडू नका, चोरीचा माल निघाला तर पोलीस तेवढाच विचारतात.

यंत्र येऊ द्या. खोका उघडू नका. परत करण्याची मुदत पावतीवर असते, ती आज रात्रीच वाचा.