एकेक ससा मोजून बघ

व्हिडिओ खरा की एआयनं बनवलेला, हे ओळखायला शिकतोयस ना? मग पहिली सवय लाव: आवाज बंद, वेग कमी, आणि एकदा फक्त मागची बाजू बघायची. नवखे सगळे चेहरा आणि हाताची बोटं बघत बसतात. बोटांचा काळ गेला. एआय पूर्वी हाताला सहा बोटं काढायचं, ती आता क्वचितच सापडतात.

जुलै 2025 मधला ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या सशांचा व्हिडिओ शोध. रात्रीचं, घराबाहेरच्या कॅमेऱ्यासारखं धुरकट चित्र. कोट्यवधी वेळा पाहिला गेला, अनेकांना खरा वाटला (पहिल्यांदा मलाही). आता एकेका सशावर नजर ठेव: एक ससा उडी मारता मारता मध्येच नाहीसा होतो. धूसरपणा अशा चुका झाकतो, म्हणून सीसीटीव्हीछाप क्लिपला जरा जास्तच वेळ दे.

बाकी थोडक्यात:

- लांबी बघ. गूगलचं व्हिडिओ बनवणारं एआय, व्हिओ 3, 2025 मध्ये एका वेळी जास्तीत जास्त 8 सेकंदांची क्लिप बनवायचं. आखूड क्लिप हा पुरावा नव्हे, पण शंकेला जागा आहे.
- वॉटरमार्क (एआय साधनानं चित्रावर उमटवलेली खूण) नाही म्हणून खरा समजू नकोस. तो कापता येतो, पुसताही येतो.
- व्हिडिओ थांबवून एखादी फ्रेम गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये) टाक. पुष्कळदा व्हिडिओ खराच निघतो, फक्त जुना आणि दुसऱ्याच गावचा.

आणि सुरुवातीला सगळ्यांनाच जडणारा आजार: दिसेल त्याला ‘एआय आहे’ म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा हात फिरलेल्या खऱ्या व्हिडिओचाही पार चोथा होतो. खात्री नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हण. मेटाडेटा (फाइलमध्येच साठवलेली तिची माहिती) वगैरे नंतर बघू.