उताराचा अंदाज घेताना आधी पाणी बघ

डोंगरउतार घसरेल का हे ठरवताना हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नकोस. आधी उतार पायी फिर, आणि सुरुवात माथ्यापासून कर. कड्याला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोक, अंतर मोज, तारीख लिही. पुढच्या फेरीत ते अंतर वाढलेलं असेल, तर उतार सरकतोय.

खडकात क्लिनोमीटरने (तिरपेपणा मोजायचं उपकरण) सांध्यांची, म्हणजे खडकातल्या सपाट भेगांची, नती (आडव्या पातळीशी होणारा कोन) घे आणि होकायंत्राने त्यांची दिशा घे. सांधा उताराच्याच दिशेला झुकलेला, उतारापेक्षा कमी तिरपा, पण घर्षणकोनापेक्षा (ज्या कोनापर्यंत घर्षण खडकाला धरून ठेवतं) जास्त तिरपा असेल, तर वरचा खडक त्यावरून घसरू शकतो. सांध्यातली माती ओली करून बोटांत वळून बघ. बारीक वळी न तुटता झाली तर ती चिकणमाती, म्हणजे घर्षणकोन बराच कमी धरायचा. हे नवशिक्यांकडून हमखास राहतं! इटलीत वायाँत धरणाच्या जलाशयात १९६३ साली डोंगराची बाजू कोसळली, ती चुनखडीतल्या अशाच पातळ चिकणमातीच्या थरांवरून.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ पाण्याला दे. माती-खडकाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढला की घर्षण घटतं. म्हणून पायथ्याचे पाझर पावसाळ्यातच बघ. कोरड्या दिवसांतला सुरक्षा गुणांक (उतार धरून ठेवणारा जोर भागिले घसरवणारा जोर) फसवा असतो.